‘बरोबर आहे, पण असे कोणी म्हणत नाही’ : फ्रेंच शिकणाऱ्या वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात फ्रेंच भाषेच्या रोजच्या वापराविषयी प्रश्न पाठवावेत असे आवाहन आम्ही केले होते. उत्तरे देण्याचे काम माझ्याकडे आले आहे, तेव्हा आधी माझा अधिकार किती ते सांगते. मी मूळची सांगलीची असून गेली १९ वर्षे फ्रान्समधील लियों शहरात राहते. माझे फ्रेंच पुण्यातील एका वर्गात सुरू झाले, पण मार्गी लागले ते आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या एका बाईंच्या स्वयंपाकघरात. मी त्यांना ‘मादाम’ म्हणते, म्हणून येथेही तेच म्हणेन. दर गुरुवारी दुपारी त्या कॉफी करत आणि मी आठवड्याभरात काय काय घडले ते सांगत असे. माझे एखादे वाक्य संपले की त्या क्षणभर थांबत, डोके किंचित कलते करत आणि म्हणत, ‘‘बरोबर आहे, पण असे कोणी म्हणत नाही.’’ पुढील उत्तरांतील बराचसा मजकूर त्या एका शेऱ्यातून जमा झालेला आहे.

प्रश्न : मी फ्रेंच भाषेच्या डेल्फ या परीक्षेची बी-१, म्हणजे मध्यम, पातळी उत्तीर्ण झाले असून एका सत्रासाठी फ्रान्सला आले आहे. दुकानात मी ‘माफ करा, मला अमुक हवे होते’ असे अगदी नम्रपणे आणि शुद्ध व्याकरणात म्हणते, तरीही दुकानदार तुटकपणे वागतात. माझे काय चुकते? (पुण्याची एक विद्यार्थिनी)

उत्तर : आपण ‘बोंजूर’ म्हणत नाही, एवढेच चुकते. ‘माफ करा’ ने वाक्य सुरू करणे आपल्याला नम्रपणाचे वाटते, पण फ्रेंच कानाला ते आगंतुकपणाचे लागते, कारण अजून तुमची भेटच झालेली नसते. भेट झाल्याची नोंद ‘बोंजूर’ या शब्दाने होते आणि ती झाल्याशिवाय पुढचे बोलणे सुरूच होत नाही. मी लियोंला आले त्या पहिल्या आठवड्यात बेकरीत जाऊन म्हटले होते, ‘‘एक पाव द्या, कृपा करून.’’ काउंटरमागच्या बाई माझ्याकडे पाहून सावकाश म्हणाल्या, ‘‘बोंजूर, मादाम.’’ त्यांना ऐकू आले नसावे असे समजून मी तेच वाक्य थोडे मोठ्याने म्हटले. त्यांनीही ‘‘बोंजूर, मादाम’’ पुन्हा म्हटले, तेही थोडे मोठ्याने. मागे उभ्या असलेल्या आजोबांना हसू आवरेना. तिसऱ्या खेपेला माझ्या तोंडून एकदाचे ‘बोंजूर’ निघाले आणि त्याच बाईंनी पाव कागदात गुंडाळता गुंडाळता हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या.

हा प्रसंग मी मादामना सांगितला तेव्हा त्यांनी विचारले, ‘‘तुमच्याकडे कोणी घरात येऊन उंबऱ्यातूनच साखर मागते का?’’ आपल्याकडे वाण्याच्या दुकानात शिरून ‘अर्धा किलो साखर द्या’ म्हटले तर कोणाचाही अपमान होत नाही, कारण दुकान ही चारचौघांची जागा असते. फ्रान्समध्ये दुकान, कचेरीची खिडकी, बसचालकाची जागा, एवढेच काय दवाखान्याची प्रतीक्षा-खोलीसुद्धा त्या त्या माणसाच्या ओसरीसारखी समजायची. दवाखान्यात शिरताना तेथे आधीच बसलेल्या अनोळखी रुग्णांनाही एक सामायिक ‘बोंजूर’ म्हणण्याची रीत आहे आणि कोणी मान वर केली नाही तरी तो म्हणायचाच असतो. नीस शहरातील एका कॅफेने काही वर्षांपूर्वी दारावरच्या फळ्यावर दर लिहिले होते : नुसते ‘एक कॉफी’ म्हणाल तर ७ युरो, ‘कृपया एक कॉफी’ म्हणाल तर ४.२५ युरो आणि ‘बोंजूर, कृपया एक कॉफी’ म्हणाल तर १.४० युरो. तो विनोद होता, पण संपूर्ण फ्रान्सला तो समजला.

काही बारकावेही लक्षात ठेवावेत. एका माणसाला दिवसातून एकदाच ‘बोंजूर’ म्हणतात. तोच माणूस पुन्हा भेटला तर हसून ‘र-बोंजूर’, म्हणजे ‘पुन्हा एकदा’, असे म्हणतात, कारण सरळ दुसरा ‘बोंजूर’ घातला की सकाळची भेट आपण विसरलो असा त्याचा अर्थ होतो. संध्याकाळी भेटताना ‘बोंस्वार’ म्हणायचे आणि निरोप घेताना दिवसा ‘बोन जुर्ने’ किंवा संध्याकाळी ‘बोन स्वारे’ म्हणायचे. ‘बोन न्वी’ मात्र झोपायला जाणाऱ्यालाच म्हणतात. संध्याकाळी सातला भाजीवाल्याला ते म्हटले तर तो गोंधळतो, हे मी स्वानुभवाने सांगते.

प्रश्न : आमच्या कंपनीच्या फ्रान्समधील सहकाऱ्यांशी ऑनलाइन बैठका होतात. त्यात ‘शे पा’, ‘या’, ‘द्यू कू’ असे शब्द सतत ऐकू येतात, पण ते माझ्या पुस्तकात त्या रूपात कोठेच नाहीत. ही बोलीभाषा आहे का? (नागपूरचे एक अभियंता)

उत्तर : ही बोली नाही, ही बोलण्याची भाषा आहे. एखाद्या परदेशी माणसाने पुस्तकातून ‘मला जायचे आहे’ हे वाक्य शिकावे आणि नागपूरच्या बसस्थानकावर त्याला ‘जायचंय’ ऐकू यावे, तशीच आपली स्थिती झाली आहे. ‘शे पा’ म्हणजे पुस्तकातील ‘ज न से पा’, अर्थात ‘मला माहीत नाही’. फ्रेंचमध्ये नकाराचे दोन तुकडे असतात, क्रियापदाच्या आधी ‘न’ आणि नंतर ‘पा’. बोलताना पहिला तुकडा गळून पडतो आणि नकाराचा सगळा भार ‘पा’ वर येतो. त्याचप्रमाणे ‘इल या’, म्हणजे ‘आहे’ किंवा ‘आहेत’, याचे नुसते ‘या’ उरते. ‘आम्ही’ साठी पुस्तकात ‘नू’ शिकवतात, पण जेवणाच्या टेबलावर आपल्याला बहुतेक वेळा ‘ऑं’ च ऐकू येईल. ईमेल मात्र आपण पुस्तकाप्रमाणेच लिहावा. लेखी मजकुरातून ‘न’ गाळणे शिक्षित फ्रेंच माणसाला खटकते.

‘द्यू कू’ चा शब्दशः अर्थ लावायला जाऊ नये. ते आपल्या ‘मग’ सारखे आहे, म्हणजे कधी त्यात कार्यकारणभाव असतो, तर बहुतेक वेळा काहीच नसते. मादामना या शब्दाचा मनस्वी तिटकारा आहे. त्यांचा नातू सुटीत येतो तेव्हा त्या जेवणभर त्याचे ‘द्यू कू’ बोटांवर मोजतात आणि दहाच्या वर आकडा गेला की भांडी त्याने घासायची असा त्यांचा नियम आहे.

एक शब्दप्रयोग मात्र आपण मुद्दाम लक्षात ठेवावा, कारण कामाच्या ठिकाणी त्यावरून खरोखर गैरसमज होतात. ‘पा तेरीब्ल’ याचे तुकडे पाहिले तर ‘भयंकर नाही’ असा अर्थ निघतो आणि आपला जीव भांड्यात पडतो, पण प्रत्यक्षात त्याचा अर्थ ‘काही खास नाही, सुमारच आहे’ असा आहे. याउलट ‘पा माल’, म्हणजे ‘वाईट नाही’, ही बऱ्यापैकी मनापासून केलेली स्तुती असते. पुण्यात वाढलेल्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. ‘बरं झालंय’ या दोन शब्दांत किती कौतुक भरलेले असू शकते हे त्यांना ठाऊक असते. आणि सहकाऱ्याने खांदे उडवून, ओठ पुढे काढून ‘बोफ’ असा आवाज केला, तर आपला प्रस्ताव त्याला रुचलेला नाही, असे समजून पुढच्या मुद्द्याकडे वळावे.

प्रश्न : फ्रेंचमधील ‘त्यू’ आणि ‘व्हू’ म्हणजे आपले ‘तू’ आणि ‘तुम्ही’, असे मी विद्यार्थ्यांना शिकवते. हे कितपत बरोबर आहे? आणि स्त्रियांना कसे संबोधावे? (कोल्हापूरच्या एक शिक्षिका)

उत्तर : सुरुवातीला ही जोडी फार उपयोगी पडते. ‘त्यू’ आणि आपला ‘तू’ हे तर शब्दाच्या दृष्टीनेही एकाच दूरच्या पूर्वजाचे वंशज आहेत, तेव्हा इंग्रजीतून फ्रेंचकडे येणाऱ्याला जी अडचण येते ती मराठी मुलाला येत नाही. घोटाळा पुढे होतो, कारण दोन्ही समाजांत अंतर मोजण्याच्या पट्ट्या वेगळ्या आहेत.

आपल्याकडे वय हा मोठा निकष आहे. सुनेने सासूला ‘अहो आई’ म्हणावे आणि सासूने तिला ‘तू’ म्हणावे, यात कोणाला वावगे वाटत नाही. फ्रेंचमध्ये दोन प्रौढ माणसांत अशी एकतर्फी व्यवस्था सहसा टिकत नाही. दोघे एकमेकांना ‘व्हू’ म्हणतात किंवा दोघे ‘त्यू’ म्हणतात. त्यामुळे ३० वर्षांच्या मुलीने ७० वर्षांच्या सासूला ‘त्यू’ म्हणणे तेथे अनादराचे नसते. उलट आपण आदर म्हणून ‘व्हू’ ला चिकटून राहिलो तर समोरच्याला आपण त्याला दूर ठेवतो आहोत असे वाटू शकते. लहान मूल अर्थातच अपवाद आहे आणि त्या अपवादाचे एक प्रसिद्ध उदाहरण २०१८ सालचे आहे. १८ जूनच्या, म्हणजे जनरल द गोल यांच्या १९४० मधील आवाहनाच्या, स्मृतिसमारंभात एका शाळकरी मुलाने राष्ट्राध्यक्ष मॅक्रों यांना ‘‘कसं काय, मान्यू?’’ असे त्यांच्या नावाच्या लाडक्या रूपाने विचारले. मॅक्रों यांनी त्याला तेथेच थांबवून ‘राष्ट्राध्यक्ष महोदय’ किंवा निदान ‘महोदय’ म्हणण्याची समज दिली, आणि ती समज देताना ते स्वतः त्या मुलाला ‘त्यू’ च म्हणत होते.

देवाच्या बाबतीत तर आपली परंपरा अधिक मोकळी ठरते. विठ्ठलाला ‘तू’ म्हणताना वारकऱ्याला कधी संकोच वाटला नाही. फ्रान्समधील कॅथलिक मात्र ‘हे आमच्या पित्या’ या प्रार्थनेत देवाला पिढ्यान्पिढ्या ‘व्हू’ म्हणत आले आणि १९६६ मधील नव्या अनुवादापासून ‘त्यू’ म्हणू लागले. मादामच्या आईने तो बदल अखेरपर्यंत मान्य केला नाही आणि चर्चमध्ये इतरांच्या आवाजाखाली ती जुनेच शब्द पुटपुटत राहिली.

विद्यार्थ्यांना एवढे सांगावे की, ‘व्हू’ वरून ‘त्यू’ वर येताना परवानगी विचारतात. ‘‘ऑं प स त्युत्वाये?’’ म्हणजे ‘आपण एकमेकांना तू म्हणायचे का?’ असा प्रश्न असतो आणि तो वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या असलेल्या व्यक्तीने विचारावा असा संकेत आहे. मादामनी मला तो आमच्या ओळखीच्या ११ व्या वर्षी विचारला. मी ‘हो’ म्हटले, पण आठवडाभर माझी जीभ रेटेना. शेवटी त्यांनीच ‘‘राहू दे, तुला ते जमत नाही’’ असे म्हणून मला जुन्या रिवाजावर परत जाऊ दिले. म्हणजे आमच्याकडे त्या मला ‘त्यू’ म्हणतात आणि मी त्यांना ‘व्हू’. जी एकतर्फी व्यवस्था तेथे टिकत नाही असे मी वर लिहिले, ती आमच्या जिन्यावर मराठी बाण्याने टिकून आहे.

स्त्रियांना संबोधण्याविषयीही आपण विचारले आहे. सरकारी अर्जांमधून ‘मादमोआझेल’, म्हणजे ‘कुमारी’, हा रकाना २०१२ मध्ये काढून टाकण्यात आला. प्रौढ स्त्रीला, तिचे लग्न झालेले असो वा नसो, ‘मादाम’ म्हणावे.

प्रश्न : माझा नातू फ्रेंच शिकतो. तो ७५ ला ‘साठ-पंधरा’ आणि ९० ला ‘चार-वीस-दहा’ म्हणतो. तो मला फसवतो आहे का? (फोंडा, गोवा येथील एक निवृत्त बँक कर्मचारी)

उत्तर : नातू खरे सांगतो आहे. ७० म्हणजे ‘साठ-दहा’, ८० म्हणजे ‘चार-वीस’ आणि ९९ म्हणजे ‘चार-वीस-दहा-नऊ’. ही विसांत मोजण्याची जुनी पद्धत आहे. पॅरिसमध्ये तेराव्या शतकात राजा नववा लुई याने ३०० अंधांसाठी स्थापन केलेल्या संस्थेचे नाव ‘कँझ-व्हँ’, म्हणजे ‘पंधरा-वीस’, असे आहे आणि डोळ्यांचे रुग्णालय म्हणून ती आजही चालू आहे. आपल्याकडेही जुन्या पिढीतील बायका आंबे किंवा गोवऱ्या मोजताना ‘चार विसा’ म्हणतच असत. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधील फ्रेंच भाषक मात्र ७० ला ‘सेप्तांत’ आणि ९० ला ‘नोनांत’ असे सुटसुटीत शब्द वापरतात. ते आपण का घेत नाही, असे मी मादामना विचारले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की, २०१९ मध्ये बालभारतीच्या पुस्तकात ‘सत्तर पाच’ आले तेव्हा महाराष्ट्रात जो गदारोळ उठला होता त्याचीच मला आठवण झाली.

खरी कसोटी दूरध्वनी क्रमांक लिहून घेताना लागते. फ्रेंच लोक दहा अंकी क्रमांक जोड्याजोड्यांनी सांगतात. ‘साठ’ ऐकून आपण सहा आणि शून्य लिहितो, तोवर मागून ‘पंधरा’ येतात आणि खाडाखोड करून ७५ करावे लागतात. म्हणून पूर्ण जोडी ऐकल्याशिवाय कागदाला पेन लावू नये, असे नातवाला सांगावे.

प्रश्न : पुढील महिन्यात आम्ही पतिपत्नी लियोंला जात असून एका फ्रेंच कुटुंबाने आम्हाला रात्रीच्या जेवणाला बोलावले आहे. आम्ही शाकाहारी आहोत. काय न्यावे, काय बोलावे आणि काय टाळावे? (मुंबईचे एक वाचक)

उत्तर : आधी काय नेऊ नये ते सांगते. शेवंती नेऊ नये. मी पहिल्यांदा मादामकडे जेवायला गेले ती ऑक्टोबरची अखेर होती आणि फुलांच्या दुकानाबाहेर पिवळ्या, पांढऱ्या, जांभळ्या शेवंतीच्या कुंड्या अगदी दसऱ्याच्या बाजारासारख्या रचून ठेवलेल्या होत्या. मला घरची आठवण आली आणि त्यातली सर्वांत भरगच्च कुंडी मी घेतली. मादामनी दार उघडले, कुंडीकडे पाहिले आणि विचारले, ‘‘कोण गेले?’’ १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, फ्रेंच लोक आप्तांच्या थडग्यांवर शेवंती ठेवतात आणि त्या कुंड्या त्यासाठीच विक्रीला आलेल्या असतात. मादामनी माझी कुंडी परत केली नाही. दुसऱ्या दिवशी त्या ती नवऱ्याच्या थडग्यावर ठेवून आल्या आणि मला तसे सांगितलेही. आपण दुसरी कोणतीही फुले, चांगले चॉकलेट किंवा मुंबईहून काजूकतली न्यावी.

ठरलेल्या वेळेनंतर दहापंधरा मिनिटांनी जावे. याला ‘सौजन्याची पंधरा मिनिटे’ असेच म्हणतात. वेळेआधी बेल वाजवणाऱ्या पाहुण्याला बहुधा यजमानीणबाई केस विंचरताना सापडतात. तुम्ही मांस, मासे आणि अंडी यांपैकी काय खात नाही ते आमंत्रण स्वीकारतानाच कळवावे. नुसते ‘शाकाहारी’ म्हटल्यास घोटाळा होतो, कारण अनेकांच्या हिशेबात मासे आणि डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, ज्यांना ‘लार्दों’ म्हणतात, हे ‘मांस’ या सदरात येतच नाहीत. लियोंच्या उपाहारगृहांतील नावे तर उलटसुलट आहेत. ‘लियोंची कोशिंबीर’ असे निरागस नाव असलेल्या पदार्थात लार्दों आणि अंडे असते, तर ‘सेर्व्हेल द कान्यू’, ज्याचा शब्दशः अर्थ ‘रेशीम विणकराचा मेंदू’ असा होतो, तो ताज्या चक्क्यासारख्या चीजमध्ये लसूण, कांद्याची पात आणि तेल-व्हिनेगर घालून केलेला पदार्थ असतो. एकदा माझ्या पाहुण्यांनी नाव वाचूनच तो नाकारला आणि कोशिंबीर मागवली. ज्या वाचकांना चीज कशाने विरजतात याचीही चिंता असेल, त्यांनी ‘प्रेझ्यूर’ हा शब्द लक्षात ठेवावा. ते बहुधा वासराच्या जठरातून काढलेले विरजण असते.

पाव टेबलावर पालथा ठेवू नये. पूर्वी बेकरीवाला फाशी देणाऱ्या जल्लादाचा पाव वेगळा ओळखू यावा म्हणून पालथा ठेवत असे, अशी त्यामागची आख्यायिका आहे आणि आजही तसा ठेवलेला पाव कोणीतरी न बोलता हात लांबवून उलटा करतो. पाव तुम्हीच आणणार असाल तर ‘त्रादिसियों’ मागावा. १९९३ च्या सरकारी आदेशाप्रमाणे त्या नावाचा पाव गोठवलेला किंवा बाहेरची मिश्रके घातलेला चालत नाही. गोड पदार्थाच्या आधी चीज येते, तेव्हा पोटात थोडी जागा ठेवावी.

आता बोलण्याविषयी. वाढताना ‘आणखी घ्या’ असे म्हटल्यावर आपण नुसते ‘मेर्सी’ म्हणालात आणि हात थोडा उचललात, तर त्याचा अर्थ ‘नको’ असा होतो आणि फ्रेंच यजमान आग्रह करत नाहीत. माझ्या सासूबाई पहिल्या भेटीत अशाच अर्धपोटी उठल्या. त्यांना वाटले की तीनदा नाही म्हणायचे असते आणि चौथ्यांदा वाढतात. हवे असेल तर ‘व्होलोंत्ये’, म्हणजे ‘आनंदाने’, असे म्हणावे. आणि पोट भरले हे सांगताना ‘मी भरले आहे’ असे शब्द जुळवून ‘ज स्वी प्लेन’ असे वाक्य कोणत्याही बाईने करू नये. ‘प्लेन’ हे गाभण जनावराचे विशेषण आहे. ‘जे त्रे ब्यँ मांजे’, म्हणजे ‘मी अगदी छान जेवले’, हे वाक्य पुरेसे आहे आणि ते ऐकून यजमान खरोखर सुखावतात.

प्रश्न : फ्रेंच वाक्प्रचारांचे मराठी भाषांतर करताना प्राण्यांचा आणि भाज्यांचा फार त्रास होतो. त्यांचे काय करावे? (नाशिकच्या एक अनुवादिका)

उत्तर : त्यांच्या जागी आपले प्राणी बसवावेत आणि जेथे आपल्याकडे प्राणी नाही तेथे निर्धास्तपणे प्राण्याशिवाय लिहावे. ‘ससा ठेवणे’ म्हणजे भेटायचे ठरवून न जाणे. त्याला आपल्याकडे ‘टांग देणे’ हा चपखल शब्द आहे, तेव्हा सशाला मराठीत आणण्याची गरज नाही. ‘झुरळ असणे’ म्हणजे मन उदास असणे. ‘सफरचंदांत पडणे’ म्हणजे भोवळ येऊन पडणे. ‘सॅलड सांगणे’ म्हणजे थापा मारणे. ‘एवढ्याशा गोष्टीचे अख्खे चीज करणे’ म्हणजे राईचा पर्वत करणे, आणि येथे दोन्ही समाजांनी आपापल्या स्वयंपाकघराकडेच हात पुढे केलेला दिसतो. पावसाच्या बाबतीत ते म्हणतात ‘दोर पडत आहेत’, आपण म्हणतो मुसळधार. माझ्या मते आपली प्रतिमा अधिक जोरकस आहे; अर्थात मादामना मुसळ म्हणजे काय हे कागदावर चित्र काढून दाखवावे लागले आणि ते पाहून त्यांनी छत्रीचा काय उपयोग, असे विचारले.

वापराच्या बाबतीत एक सावधगिरी घ्यावी. कोशांत शेकडो वाक्प्रचार असतात, पण त्यांतील बरेचसे आता कोणी बोलत नाही. मी एकदा मादामसमोर एकाच संभाषणात असे चार वाक्प्रचार पेरले, तेव्हा त्या म्हणाल्या की माझे बोलणे लग्नातल्या उखाण्यांसारखे झाले आहे. (उखाणे काय असतात ते त्यांना मीच पूर्वी सांगितले होते.)

प्रश्न : भेटल्यावर गालाला गाल लावण्याची पद्धत आपल्याला पाळावीच लागते का? (लातूरच्या एक वाचक)

उत्तर : नाही. हात पुढे केला की प्रश्न मिटतो आणि २०२० च्या साथीनंतर तर कोणी त्याचे वाईटही मानत नाही. पाळायचीच असेल तर प्रत्यक्ष ओठ लावायचे नसतात, गालाजवळ नुसता आवाज करायचा असतो. बहुतेक ठिकाणी दोनदा, दक्षिणेतील काही भागांत तीनदा. कोणत्या बाजूने सुरुवात करायची हे गावागणिक बदलते, म्हणून समोरच्याला आधी हलू द्यावे.

प्रश्न : फ्रेंच भाषेचा आणि मराठ्यांच्या इतिहासाचा काही संबंध आहे का? (साताऱ्याचे एक वाचक)

उत्तर : इतिहासाचा विषय मोठा आहे, परंतु एक शब्दखेळ या सदरात शोभणारा आहे. महादजी शिंदे यांच्या कवायती पलटणी उभ्या करणारा द ब्वान्य, ज्याला आपल्या पुस्तकांत डी बॉयन म्हणतात, हा लियोंपासून सुमारे १०० किलोमीटरवरच्या शांबेरी गावचा. तो हिंदुस्थानातून श्रीमंत होऊन परतला, गावाला त्याने भरपूर देणग्या दिल्या आणि १८३० मध्ये वारला. गावाने १८३८ मध्ये त्याच्या स्मरणार्थ चार हत्तींचे कारंजे उभारले. हत्ती खांबातून चार दिशांना बाहेर येतात, त्यामुळे त्यांचा फक्त पुढचा अर्धा भाग दिसतो. गावकऱ्यांनी कारंज्याचे नाव ठेवले ‘ले कात्र सां क्यू’, म्हणजे ‘ढुंगण नसलेले चौघे’. गंमत अशी की, फ्रेंचमध्ये ‘सां’ चा अर्थ ‘विना’ होतो आणि तसाच उच्चार असलेल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘शंभर’ होतो, त्यामुळे तेच नाव कानाला ‘चारशे ढुंगणे’ असेही ऐकू येते. मादाम एरवी अत्यंत सोवळे बोलतात, पण हे नाव त्यांनी मला स्पष्ट उच्चारात दोनदा म्हणून दाखवले.

प्रश्न : मला आठवड्यातून एक तास एका फ्रेंच बाईंशी बोलण्याची संधी मिळाली आहे, त्या बदल्यात मी त्यांना मराठी शिकवणार आहे. या तासाचा उपयोग कसा करावा? (डोंबिवलीच्या एक गृहिणी)

उत्तर : व्याकरणाचे पुस्तक घरी ठेवून जावे. नियम शिक्षक चांगले सांगतात. मातृभाषा बोलणाऱ्या माणसाला ते बहुधा सांगताच येत नाहीत आणि विचारल्यास ते ओशाळतात. आपल्यालाही ‘ने’ आणि ‘नी’ चा नियम कोणी अचानक विचारला तर तसेच होईल. त्याऐवजी त्या आठवड्यात खरोखर घडलेला एक प्रसंग न्यावा : गॅसवाल्याशी झालेली वादावादी, मुलाचा ताप, शेजाऱ्यांचे लग्न. तो आपल्या मोडक्या फ्रेंचमध्ये सांगावा आणि प्रत्येक शंकास्पद ठिकाणी ‘‘सा स दी?’’, म्हणजे ‘असे म्हणतात का?’, एवढेच विचारावे. ‘हे बरोबर आहे का?’ असे विचारल्यास सभ्य माणूस ‘हो’ म्हणून मोकळा होतो. वहीत वाक्याबरोबर ते कोण कोणाला, कोठे आणि कितीच्या सुमारास म्हणते हेही लिहून ठेवावे. माझ्या जुन्या वहीत ‘बोन कोंतिन्युआसियों’ या शब्दापुढे मादामच्या अक्षरात लिहिले आहे : ‘ज्याची पुन्हा भेट बहुधा होणार नाही, त्यालाच.’ शब्दकोशात तेथे फक्त ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ एवढेच आहे.

आणि मराठी शिकवताना हाच नियम स्वतःलाही लावावा, नाहीतर काय होते ते सांगते. मी मादामना पहिले वाक्य शिकवले ते ‘जेवलात का?’ हे. मराठी माणसे जिव्हाळ्याने विचारतात ते हेच, असेही सांगितले. केव्हा विचारतात ते मात्र सांगायचे राहून गेले. त्यानंतर कितीतरी आठवडे त्या मला जिन्यावर सकाळी आठला, दुपारी चारला आणि एकदा तर पहाटे विमान पकडायला निघालेली असतानाही ‘‘जेवलात का?’’ असे विचारत होत्या. शेवटी एका गुरुवारी मी धीर करून म्हटले, ‘‘मादाम, बरोबर आहे, पण दुपारी चार वाजता असे कोणी म्हणत नाही. तेव्हा ‘चहा झाला का?’ असे विचारतात.’’ त्यांनी कॉफीचा कप खाली ठेवला, फडताळातून एक कोरी वही काढली आणि वेळेसाठी वेगळा रकाना आखायला घेतला.